जुन्या कपाटातून – भाग ६ : पदांची पुस्तकं

गेल्या आठवड्यात पोथ्यांच्या बांधणीबद्दल लिहिलं होतं. आज त्याहून हलकी वस्तू घेऊ. संगीत नाटकाच्या पदांचं पुस्तक. पातळ कागद, दोन टाके, थिएटरच्या दारात काही आण्यांना मिळणारं. नाटक संपलं की ते घरी यायचं, पदं पाठ व्हायची आणि मग वाण्याच्या पुड्यांत त्याची पानं निघायची. ग्रंथालयांनीही त्याला कधी मनावर घेतलं नाही. नाटकाची संहिता पुठ्ठा घालून कपाटात आणि पदांचं पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यात, असाच बहुतेक ठिकाणचा रिवाज. माझ्या मते तो उलटा हवा होता.

असं एखादं पुस्तक हाती आलं तर पदाच्या डोक्यावरची बारीक अक्षरातली ओळ आधी वाचा. राग, ताल आणि त्यापुढे ‘चाल’. नाटककार नवं पद लिहायचा ते बहुतेकदा लोकांच्या ओठांवर असलेल्या एखाद्या गाण्याच्या अंगानं, आणि ते कोणतं हे लपवायचा नाही. त्या गाण्याचे सुरुवातीचे दोन-चार शब्द तिथंच छापायचा. कुठं लावणी, कुठं कीर्तनातलं पद, कुठं उत्तरेकडची चीज. साकी किंवा दिंडीसारखं ठरलेलं वृत्त असेल तर नुसतं तेवढं नाव पुरे, कारण ती म्हणायची कशी हे सगळ्यांनाच ठाऊक. आणि अधूनमधून देवनागरीत छापलेले कानडी शब्द! पुण्याचा वाचक तिथं अडखळतो. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वर-हुक्केरीकडच्या माणसाला, जो घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलतो, त्याला ते वाचायला काहीच लागत नाही.

हे कानडी शब्द तिथं आले कसे? अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे आपल्याच जिल्ह्यातले. १८४३ साली गुर्लहोसूरला जन्म, बेळगावात नोकरी. त्यांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, तोही पहिल्या चार अंकांचा. म्हणून संगीत रंगभूमीचं श्रेय पुण्याच्या खात्यावर पडतं. पण नाटककाराच्या कानात लहानपणापासून जे गाणं होतं ते मलप्रभेकाठचं. पुढं त्यांचं ‘सौभद्र’ आलं १८८२ मध्ये. आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली. म्हणजे मधली वीस-बावीस वर्षं या भागातले लोक काय गुणगुणत होते, हे कळायला तबकडी नाही, चालीची ती ओळ आहे. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून एखाद्या पदाची चाल बदललेली दिसली, तर मध्ये कुणा गवयानं किंवा नटानं हात फिरवला असणार. ते शोधायला उभं आयुष्य पुरणार नाही.

मुखपृष्ठाच्या मागं आणखी एक कंटाळवाणी ओळ असते: सन १८६७च्या २५व्या आक्टाप्रमाणे पुस्तक रजिस्टर केल्याची. ती ओलांडून पुढं जाऊ नका. त्या कायद्यानं छापखान्याला प्रत सरकारात भरावी लागे आणि सरकार दर तिमाहीला यादी काढी. त्या यादीत पुस्तकाचं नाव, लेखक, छापखाना, पानं, आवृत्ती, किंमत आणि किती प्रती काढल्या हे सगळं येई. सरकारला नजर ठेवायची होती, आणि त्या धाकानं आज आपल्याला मराठी नाटकाच्या बाजारपेठेचा हिशेब मिळतो. १८६७ पूर्वीच्या छापील पुस्तकांना आपण दोलामुद्रितं म्हणतो, ती रेघही याच सालाशी ओढलेली आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली. आपल्या गावातल्या कपाटात काय दुर्मीळ आहे हे बघायचं तर पहिल्यांदा दाते उघडायचे.

सूचीत न सापडणाऱ्या गोष्टी मात्र जास्त गमतीच्या. १८४२ मध्ये होन्नावरजवळच्या कर्कीहून भागवत मंडळी सांगलीला खेळ करायला आली. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झालं, आणि ती तारीख आपण आजही रंगभूमी दिन म्हणून पाळतो. आता त्या नाटकाची संहिता मागायला ग्रंथालयात गेलात तर मिळणार नाही. कारण सूत्रधार पदं म्हणे आणि पात्रं त्या धाग्यावर आयत्या वेळी बोलत. लिहिलेली होती ती पदंच. भाव्यांनी ती ‘नाट्यकवितासंग्रह’ म्हणून छापली १८८५ मध्ये, प्रयोगानंतर ४२ वर्षांनी. पहिल्या नाटकाचं जे काही पुस्तक आहे ते पदांचंच!

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तर याहून जुनी हस्तलिखितं आहेत. शहाजीराजे भोसले १६८४ पासून तिथं राज्य करत होते, त्यांची मराठी नाटकं. त्यातलं ‘पंचभाषाविलास’ सीमाभागातल्या माणसानं मुद्दाम लक्षात ठेवावं. त्यात पाच भाषा एकाच रंगमंचावर येतात आणि राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात, कुणी कुणाला थांबवत नाही. मग पहिलं नाटक कुणाचं? कालक्रमानं तंजावरचं. पण त्या दरबारातून सांगलीकडे कुणी काही घेऊन आलं नाही. नाटकमंडळ्या, तिकिटं, गावोगावचे मुक्काम हा संसार सुरू झाला भाव्यांपासूनच, म्हणून मी १८४३ सोडायला तयार नाही.

छापलंच न गेल्यानं सूचीत न सापडणारं आणखी एक नाटक म्हणजे महात्मा फुल्यांचं ‘तृतीय रत्न’, १८५५चं. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं. फुल्यांनी पुढं ‘गुलामगिरी’त त्याचा उल्लेख केला, त्यामुळे असं नाटक होतं एवढं माहीत राहिलं. छापून आलं १९७९ साली. सव्वाशे वर्षं!

छापलेलं पुस्तकही कपाटात असून दिसत नाही, असं होतं. फ्रान्समध्ये सेंतोमेर गावच्या वाचनालयात २०१४ साली शेक्सपियरच्या नाटकांच्या १६२३च्या पहिल्या संग्रहाची एक प्रत सापडली. ती हरवलेली नव्हती, कपाटातच होती. सुरुवातीची पानं गेलेली, म्हणून अठराव्या शतकातलं सामान्य पुस्तक अशी तिची नोंद झालेली. आपल्याकडे मुखपृष्ठ फाटलेली पुस्तकं ‘संकीर्ण’ म्हणून बांधली जातात, तिथंही हेच व्हायचं. तेव्हा अशी जाड बांधणी हाताला लागली तर पानाच्या माथ्यावर नाटकाचं नाव छापलंय का पाहा. नसेल तर पात्रांची नावं आणि चालींच्या ओळी उतरवून घ्या, तेवढ्यावरून जाणकाराला नाटक ओळखता येतं. शेवटच्या पानावर त्याच प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात असेल, तर तीही फाडू नका. साल अंदाजानं ठरवायला तिची मदत होते.

पुढच्या आठवड्यात : नाटककंपन्यांच्या जमाखर्चाच्या वह्या.