बांधकामावरचं लाकूड आणि वर्गातलं गणित

शाळेच्या वाटेवर कुठे ना कुठे इमारतीचं काम चालू असतंच. तिथला लाकडाचा ढीग एकदा नीट बघा. हातभर फळ्या, कोपरे फुटलेली प्लाय, वाकडे खिळे. यातलं बरंचसं लाकूड सेंट्रिंगचं असतं, म्हणजे ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत धरून ठेवणाऱ्या साच्याचं. ते इमारतीत राहत नाही. एका मजल्यावरून काढायचं, पुढच्या मजल्यावर लावायचं. म्हणून ते किती वेळा वापरता येतं, याला महत्त्व.

नासाडीची सुरुवात मात्र करवत लावण्याआधीच होते. हे मुलांना गणितातून छान दाखवता येतं. समजा, फळ्या १२ फुटी आहेत. ५ फुटांचे ६ आणि ७ फुटांचे ६ तुकडे हवेत. आधी सगळे ५ फुटी कापले तर ३ फळ्या लागतात, प्रत्येकीचे २ फूट उरतात. मग ७ फुटींसाठी आणखी ६ फळ्या, प्रत्येकीचे ५ फूट उरतात. एकूण ९ फळ्या आणि ३६ फूट तुकडे! आता प्रत्येक फळीतून एक ५ चा आणि एक ७ चा तुकडा काढा. ६ फळ्यांत काम झालं. (करवतीच्या पात्यात जाणाऱ्या दोन-तीन मिलिमीटरचं काय, असं एखादं चुणचुणीत पोर विचारेलच. बरोबर आहे त्याचं, सुतार तेवढं धरूनच चालतात.)

पुढचा भाग निगेचा. काँक्रीट ओतण्याआधी प्लायला तेल लावलं नाही तर ती चिकटते, मग पहार घालून उपटावी लागते आणि कडा फुटतात. घाई तर मुळीच नको. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेके साधारणपणे निदान ७ दिवस ठेवायचे असतात. काढलेल्या फळ्यांचे खिळे उपटून त्या जमिनीपासून वर, आडव्या रचाव्यात. प्लायच्या कापलेल्या कडांना रंग लावावा, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरून थर सुटतात.

तरी तुकडे उरतातच. साध्या लाकडाच्या पाचरी, खुंट्या होतात. प्लाय मात्र चुलीत घालू नये. तिचे थर कृत्रिम राळेने चिकटवलेले असतात, वर तेल मुरलेलं, त्यामुळे धूर विषारी होतो. बांधकामावर राहणाऱ्यांची मुलं तुमच्या वर्गात असतील, तर पालकसभेत हे जरूर सांगा.