आय-आकाराची लाकडी कडी : अमेरिकी गृहबांधणीतील उपयोग व मर्यादा

पुण्यातील जुन्या वाड्यांत माडीची जमीन कडीपाटाची असे. ठराविक अंतरावर आडव्या कड्या व त्यांवर पाट, अशी ती रचना होय. अमेरिकेतील बहुसंख्य स्वतंत्र घरे आजही लाकडी सांगाड्याची असून तेथील मजल्यांचे तत्त्व हेच आहे. बदलली आहे ती कडी. अखंड चिरीव लाकडाची जागा अनेक घरांत कारखान्यात जोडून तयार केलेल्या, इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराच्या कडीने घेतली आहे. आयडाहो राज्यातील बॉइसी येथे हॅरल्ड थॉमस व आर्थर ट्राउटनर यांनी १९६० मध्ये स्थापन केलेल्या ट्रस जॉइस्ट कंपनीने १९६९ मध्ये ती प्रथम बाजारात आणली. या कडीचे लाभ व त्यांच्याशी निगडित धोका यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कडीवर भार पडला की तिचा वरचा भाग दाबला जातो व खालचा ताणला जातो. मध्यभागी ताण व दाब दोन्ही नगण्य असतात. तेथे मुख्यतः कर्तन बल सहन करावे लागते व त्यास जाड लाकडाची गरज नसते. म्हणून आय-कडीत वर व खाली मजबूत पट्ट्या असतात आणि त्यांना जोडणारी उभी फळी लाकडाच्या चपट्या ढलप्या राळेने दाबून बनविलेली, सुमारे साडेनऊ मिलिमीटर जाडीची असते. या ढलप्या लवकर वाढणाऱ्या, कमी घेराच्या झाडांपासूनही मिळतात. लाकडाची बचत निम्मी होते असे जाहिरातींतून सांगितले जाते. मात्र हिशेब पट्टीच्या रुंदीवर अवलंबून आहे. सुमारे बारा इंच उंचीच्या कडीत अडीच इंच रुंद व दीड इंच जाड पट्ट्या धरल्यास छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस इंच भरते, तर तेथे प्रचलित असलेल्या ‘दोन बाय बारा’ चिरीव कडीचे जवळजवळ १७. बचत निम्मी नसून एकतृतीयांश आहे, आणि तीही थोडी नव्हे.

रहिवाशाला मात्र वेगळाच लाभ जाणवतो. चिरीव कडी बांधकामाच्या वेळी १९ टक्क्यांपर्यंत ओलावा बाळगून असू शकते. घर उबदार झाले की ती वाळते, उंचीत आक्रसते, एखादी पिळवटते. खिळे सैल होतात आणि पावलागणिक जमीन करकरते. आय-कडी मुळातच कोरडी व मापात सारखी असल्याने हा त्रास पुष्कळ कमी होतो. शिवाय ती ४० फुटांहून अधिक लांबीतही मिळते, त्यामुळे मधल्या आधारावर सांधा द्यावा लागत नाही. नळ व वायुवाहिन्यांसाठी उत्पादकाच्या तक्त्यानुसार मधल्या फळीस मोठी छिद्रेही पाडता येतात. पट्टीस मात्र कधीही खाच पाडू नये. मजल्याचे बळ तिच्यातच असते.

जे लाकूड वगळल्याने हे लाभ मिळतात, त्याच्याच अभावी आगीत धोका उद्भवतो. लाकूड मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर या वेगाने कोळसते. साडेनऊ मिलिमीटरची फळी दोन्ही बाजूंनी पेटली तर सात-आठ मिनिटांत संपणार, हे साध्या गणितानेच कळते. अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत खालून उघडा असलेला चिरीव कड्यांचा मजला १८ मिनिटांहून थोडा अधिक काळ टिकला, तर आय-कड्यांचा मजला सुमारे ६ मिनिटांत कोसळला. तळघरात आग लागलेली असताना वरच्या मजल्यावर शिरणाऱ्या अग्निशामक जवानाच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा आहे. मजला कमकुवत झाल्याचे वरून पाहून समजत नाही.

उपाय खर्चिक नाही. त्याच चाचण्यांत अर्धा इंच जिप्सम बोर्डाचे छत लावलेला आय-कड्यांचा मजला २६ मिनिटांहून अधिक टिकला. अमेरिकेतील अनेक राज्ये आधारभूत मानत असलेल्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेने २०१२ च्या आवृत्तीत अशा मजल्याखाली जिप्सम बोर्ड वा तत्सम आवरण आवश्यक ठरविले. स्वयंचलित जलफवारे असल्यास, किंवा ‘दोन बाय दहा’ वा त्याहून मोठ्या चिरीव कड्या वापरल्यास, त्यातून सूट आहे. त्याआधी बांधलेल्या घरांना ही तरतूद सामान्यतः लागू होत नाही, आणि त्यांतील अनेकांच्या तळघरांचे छत आजही उघडे आहे. तेथे जिप्सम बोर्ड नंतरही बसविता येतो.