आमच्या घरचें ‘व्रात्य’ पोर

“पोर फारच व्रात्य आहे हो तुमचं!” हें वाक्य गेल्या चार वर्षांत आम्हीं किती वेळां ऐकलें त्याची गणती नाहीं. लग्नघरीं, देवळांत, आगगाडीच्या डब्यांत, इमारतीच्या लिफ्टमध्यें, जेथें म्हणून आमच्या नातवाचें पाऊल पडलें तेथें कोणी ना कोणी तें उच्चारलेंच. धर्मशास्त्रांत ‘व्रात्य’ म्हणजे ज्याची मुंज योग्य वेळीं झाली नाहीं तो. आमच्या नातवास तेव्हां जेमतेम चौथें वर्ष सरत होतें. त्या अर्थानें हा आरोप अकालींच होता. परंतु लोक ज्या अर्थानें बोलत तो आम्हांस बोंचे, कारण मनांतून आम्हीही तेंच म्हणत होतों.

आमचें बिऱ्हाड रावेतला आहे. पवनेच्या कांठचें हें एके काळचें शेतीचें गांव. पिंपरी-चिंचवडकरांच्या नळाला येणारें पाणी येथल्याच बंधाऱ्यावरून उचललें जातें. आतां शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या आहेत, व त्यांतील एकींत अकराव्या मजल्यावर आमच्या तीन पिढ्या एकत्र नांदतात. आम्हीं पिंपरीच्या एका कारखान्यांत तीस वर्षें यंत्रांच्या सुट्या भागांची तपासणी केली. ज्या भागांत दोष आढळे तो बाजूस काढावयाचा, हा आमचा धंदा. नातवाकडेही आम्ही त्याच संवयीनें पाहत होतों, असें आज वाटतें.

पोर बुद्धीनें तल्लख. परंतु जेवतांना पानावरून पांच वेळां उठावयाचें. पूजेची घंटा हातीं लागली कीं आरती संपली तरी थांबावयाची नाहीं. आपला प्रश्न पुरा होण्याआधींच त्याचें उत्तर तयार. डबा, चप्पल, टोपी यांपैकीं एक वस्तु दररोज हरवलेली. मात्र आमच्या हत्यारांच्या पेटींतील नट-बोल्ट जुळवावयास बसला म्हणजे हाच मुलगा तासभर हलत नसे. त्यामुळें तर ‘याला सगळं जमतं, पण करायचंच नाही’ असा आमचा ग्रह पक्का झाला. आवडीच्या कामांत असें बुडून जाणें हेंही याच विकाराच्या मुलांत पुष्कळदां दिसतें, हें कळावयास आम्हांस फार उशीर लागला.

मग एके संध्याकाळीं पुलाजवळच्या रस्त्यावर फुगेवाला दिसतांच तो आईचा हात सोडून धांवला. एका टेंपोवाल्यानें करकचून ब्रेक लावला म्हणून निभावलें. सूनबाई घरीं आली ती थरथरतच. आणि घरांत तिला धीर मिळण्याऐवजीं उपदेश मिळाला. आमची बहीण म्हणाली, “आई दिवसभर कचेरीत, मग दुसरं काय होणार?” आमच्या सौभाग्यवतींनीं मीठ-मोहऱ्या ओंवाळल्या. धाकट्या चिरंजिवांचें म्हणणें, पोराला मैदानावर दमवा. आमचा भर धाकावर होता. पांच वडीलधारे आणि पांच उपाय. ज्याच्यावर ते करावयाचे तो मात्र एकटा.

त्या धाकाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, जरी ती आम्हांस शोभणारी नाहीं. पाढे म्हणवून घेत असतां तो तिसऱ्यांदा खिडकीकडे पळाला, तेव्हां आम्हीं त्याच्या थोबाडींत मारली. पोर रडलें नाहीं. “आजोबा, मी बसायचं ठरवलं होतं, पण पाय उठले,” एवढेंच म्हणालें. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

पुढें शाळेंतून चिठ्ठी आली, कीं मूल वर्गांत बसत नाहीं, तरी पालकांनीं विचार करावा. कशाचा विचार, तें चिठ्ठींत नव्हतें. घाबरून आम्हीं एका ‘एकाग्रता-वर्गाचे’ सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. तेथें मुलाच्या कपाळाला पट्टी बांधून पडद्यावरचे खेळ खेळवीत, आणि पूर्ण बरें करण्याची हमी देत. या विकारांत कोणी अशी हमी देऊं लागला तर वाचकांनीं तेथूनच परत फिरावें. आमचे पैसे गेले. त्याहून वाईट म्हणजे सहा महिने गेले.

अखेर एका बालमानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंची गांठ पडली. त्यांनीं आधीं मुलाचे कान व डोळे तपासून घेतले. झोंप कशी लागते, घोरतो कां, घरांत कांहीं कलह आहे कां, हेंही विचारलें. नंतर एक प्रश्नावली आम्हांस दिली व तशीच शाळेंतील बाईंना. रक्ताच्या तपासणीनें किंवा मेंदूच्या छायाचित्रानें हें निदान ठरत नाहीं. लक्षणें वयाच्या मानानें अधिक असावीं, निदान सहा महिने टिकावीं, बाराव्या वर्षाच्या आंत दिसूं लागावीं, आणि घर व शाळा अशा दोन ठिकाणीं तरी आढळावीं, असा दंडक आहे. केवळ शाळेंत त्रास देणारें किंवा केवळ आजीपाशीं चढणारें मूल त्यांत बसत नाहीं. आमचें बसलें. विकाराचें इंग्रजी नांव ए.डी.एच.डी.; मराठींत अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणतां येईल.

हें खूळ मोबाईलच्या जमान्यांत निघालें, अशी आमची समजूत होती. तसें नाहीं. 1902 सालीं लंडन येथें डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं अशा मुलांवर व्याख्यानें दिलीं. मात्र हा दोष त्यांनीं नैतिक संयमाचा मानला, म्हणजे आमच्यासारखाच. 1937 सालीं अमेरिकेंत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना असें आढळलें कीं, एका उत्तेजक औषधानें अशीं मुलें उलट स्थिर होऊन अभ्यास करूं लागतात. नांवें पुढें अनेक बदललीं; ‘अवधान’ हा शब्द नांवांत आला तो 1980 सालीं. जगांतील मुलांपैकीं सुमारें शेंकडा 5 मुलांत हा विकार असतो. मन आंवरणारा मेंदूचा जो भाग, त्याची वाढ या मुलांत मागें राहते असें दिसून आलें आहे, आणि आनुवंशिकतेचा त्यांत मोठा वांटा आहे.

हें शेवटलें वाक्य बोलून डॉक्टरीणबाईंनीं आमच्या थोरल्या चिरंजिवांकडे पाहिलें. ते खालीं मान घालून हंसले. घरीं येऊन आम्हीं त्यांचीं जुनीं प्रगतिपुस्तकें काढलीं. ‘हुशार आहे, पण लक्ष नाही,’ हा शेरा ओळीनें सात वर्षें! सूनबाईच्या नोकरीवर बोट ठेवणारे आम्ही सगळे त्या दिवशीं गप्प झालों.

मूल पांच वर्षांचें असल्यामुळें औषध लगेच दिलें नाहीं. सहा वर्षांच्या आंतील मुलांत आधीं आईबापांस शिकवावें, अशीच आज वैद्यकाची शिफारस आहे. सूचना एका वेळीं एकच द्यावी, तीही जवळ जाऊन, डोळ्यांस डोळा लावून. स्वयंपाकघरांतून ओरडून नव्हे. चांगलें केलें तर तेथल्या तेथें शाबासकी, कारण संध्याकाळीं दिलेली शाबासकी त्याच्यापर्यंत पोंचतच नाहीं. दहा मिनिटें अभ्यास, मग पाणी आणून देण्यासारखें हालचालीचें काम, पुन्हां दहा मिनिटें. दिवसाचा क्रम चित्रें काढून भिंतीवर लावलेला.

ऐकावयास हें सोपें आहे. एकत्र कुटुंबांत याहून कठीण गोष्ट दुसरी नसेल. आईनें ‘आधी दप्तर, मग लाडू’ म्हणावें, आणि आजीनें पदराआडून लाडू द्यावा! शेवटीं एका रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांना बसवून आम्हीं ठरविलें, कीं नियम आईबाप सांगतील व इतर कोणी तो मोडणार नाहीं. रागावणें असेल तर एकानेंच, आणि हात कोणीही उगारणार नाहीं. आमच्या सौभाग्यवतींना हें जड गेलें. आम्हांस त्याहून जड गेलें, पण तें कोणास दाखविण्याजोगें नव्हतें.

वर्षभरांत घर पुष्कळ शांत झालें. शाळेंत मात्र चाळीस मुलांच्या वर्गांत त्याचें अडेच. सातव्या वर्षीं डॉक्टरीणबाईंनीं मेथिलफेनिडेट या औषधाचें नांव काढलें आणि घरांत पुन्हां रण माजलें. ‘पोराला गुंगीचं औषध?’ वास्तविक तें गुंगीचें नाहीं, उत्तेजक आहे. म्हणूनच कायद्याचें त्यावर कडक नियंत्रण असून तज्ज्ञांच्या चिठ्ठीवांचून तें घेऊं नये. अमेरिकेंत 579 मुलांवर 14 महिने चाललेल्या व 1999 सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, काळजीपूर्वक बेतलेल्या औषधानें मूळ लक्षणें नुसत्या वर्तनोपचारापेक्षां अधिक कमी झालीं. तें घेण्यानें विकार समूळ जात नाहीं. कांहीं तास लक्ष टिकतें, व त्या तासांत शिकविलेलें आंत जातें. आमच्या नातवाची दुपारची भूक मंदावली, म्हणून सकाळीं औषधाआधीं भरपेट न्याहारी व रात्रीं उशिरां जेवण असा क्रम केला. वजन, उंची, रक्तदाब ठराविक काळानें तपासतात. हें औषध कांहीं मुलांस मानवत नाहीं; त्यांच्यासाठीं ॲटोमॉक्सेटिनसारखीं निराळीं औषधें आहेत. त्यामुळें आमच्या घरची मात्रा कोणीं आपल्या घरीं नेऊं नये.

ज्यांना खाजगी फी झेंपत नाहीं त्यांच्यासाठीं एक गोष्ट येथें नोंदवितों. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 सालीं आपल्या महाराष्ट्रांतच, पालघर येथें, सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणींत या विकाराचाही समावेश आहे. अंगणवाडींत वा सरकारी शाळेंत येणाऱ्या वैद्यकीय पथकास पालकांनीं आपण होऊन विचारावें.

या वैशाखांत नातवाची मुंज लाविली. गुरुजींशीं आधींच बोलून विधी तुकड्या-तुकड्यांनीं केले. मध्यें मध्यें बटूला अंगणांत दोन फेऱ्या मारूं दिल्या, समिधा मोजून देण्याचें काम त्याच्याकडेच ठेविलें. तरी मंगलाष्टकें चालूं असतां त्यानें अंतरपाट उचलून खालून डोकावलेंच. कोणी पाहुणे हंसून म्हणाले, “भारीच व्रात्य!” त्यावर आमची बहीण, तीच, चटकन् उत्तरली, “आज मुंज लागतेय. आता कसला व्रात्य?”

संध्या शिकविण्याचें काम आमच्याकडे आहे. रोज दहा मिनिटें, उभ्यानें, आणि मध्यें एकदां तुळशीला पाणी. चोवीस नांवांपैकीं अद्याप नऊ पाठ झालीं आहेत.