आयरिश कोपरवाद्य : शैली आणि शिष्टाचार

बॅगपाईप म्हटला कीं गाल फुगवून फुंकणारा, पलटणीपुढें चालणारा स्कॉटिश वादक श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आयर्लंडांतील 'इलन पाईप्स' या वाद्याची तऱ्हा निराळी आहे. 'इलन' म्हणजे कोपर. वादक बसून एका कोपराखालीं भाता दाबतो, व त्यांतील हवा दुसऱ्या कोपराखालच्या कातडी पिशवींत भरतो. आपल्या सनईवादनांत 'सूर' धरणारा साथीदार असतो, तसा अखंड स्वर येथें तीन नळ्या देतात. मुख्य नळीवर बोटांनीं दोन सप्तकें वाजतात. आणखी तीन नळ्यांच्या पट्ट्या मनगटाच्या कडेनें दाबून स्वरमेळ साधतात.

मुख्य नळीचें टोंक मांडीवर टेकवून सर्व भोंकें झांकलीं, कीं तिचा आवाज तत्काळ थांबतो. शैलीच्या वादाचें मूळ येथेंच आहे. कांहीं वादक स्वरास्वरांमध्यें असा विराम घेऊन प्रत्येक स्वर सुटा ठेवतात. ही मिटलेली शैली होय. दुसरे वादक एका स्वरांतून दुसरा वाहूं देतात. ही मोकळी शैली. जत्रांतून व बाजारांतून वाजविणारा फिरस्ता जॉनी डोरन (१९०८–१९५०) हा मोकळ्या शैलीचा थोर वादक. त्याचें वादन १९४७ सालीं ध्वनिमुद्रित झालें, म्हणून तें आजहि ऐकावयास मिळतें. क्लेअर परगण्यांतील विली क्लॅन्सी (१९१८–१९७३) यानें त्याच्यापासून स्फूर्ति घेतली, तरी त्याच्या वादनांत दोन्ही शैली सुखानें नांदल्या.

दुसरा वाद बैठकींतील वर्तनाचा. चार वादक जमले असतां नवागतानें न विचारतां वाद्य काढावें काय? इतर वाजवीत असतां मनगटाच्या पट्ट्या सतत दाबाव्या काय? वाद्यांतील वेताच्या जिभा हवेतील ओलाव्यानें बदलतात. त्यामुळें दोन वाद्यें एका सुरांत राहणें कठीण, व बेसूर वाद्य सर्वांचाच रसभंग करतें. म्हणून जुने वादक कडक असतात. परंतु कडकपणालाहि मर्यादा हवी. एके काळीं या वाद्याचे वादक फारच थोडे उरले होते. त्या स्थितींत १९६८ सालीं 'ना पीबरी इलन' ही वादकांची संस्था निघाली, आणि २०१७ सालीं युनेस्कोनें या कलेस मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. नवख्याला हिरमुसला करून परत धाडलें असतें, तर हा दिवस उगवता ना.

सात वर्षें शिकावें, सात वर्षें घोटावें, सात वर्षें वाजवावें, तेव्हां वादक तयार होतो, असें या वादकांत परंपरेनें सांगतात. एवढ्या दीर्घ वाटेवर चूक दाखविणारा जितका हवा, तितकाच जवळ बसवून घेणाराहि हवा. शैली कोणतीहि असो, दुसऱ्याचें ऐकून मग आपला स्वर लावणें, हाच तेथील खरा शिष्टाचार होय.