नेम, संयम आणि जमाखर्च : नेमबाजीच्या ई-स्पोर्ट्समध्ये प्रगती कशी होते?

जळगाव-धुळ्याच्या व्यापारी घरांत दुकान वाढवून मंडळी परतली, की आतल्या खोलीतून अलीकडे एक ओळखीचा आवाज ऐकू येतो. कानाला हेडफोन लावलेला मुलगा कुणाला तरी सांगत असतो, ‘डावीकडे दोन, एक जखमी.’ वडिलांच्या मते तो वेळ दवडतो आहे. त्याच्या स्वतःच्या मते तो स्पर्धेचा सराव करतो आहे. दोघांपैकी कोणाचे म्हणणे खरे, हे किती तास गेले यावरून ठरत नाही. त्या तासांचा हिशेब तो ठेवतो का आणि तो तपासतो का, यावरून ते ठरते.

या खेळांना ‘फर्स्ट-पर्सन शूटर’ म्हणतात, कारण पडद्यावरचे दृश्य खेळाडूच्या स्वतःच्या नजरेतून दिसते. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा त्यांतला जुना खेळ. १९९९ साली एका अन्य खेळात चाहत्यांनी केलेल्या फेरफारांतून तो जन्मला. त्याची आजची आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली. ‘व्हॅलोरंट’ हा जून २०२० चा. दोन्हींत पाच-पाच जणांचे दोन संघ असतात. एक संघ ठरावीक जागी स्फोटक ठेवू पाहतो, दुसरा त्याला अडवतो, आणि सहसा आधी १३ फेऱ्या जिंकणारा विजयी ठरतो. २०१७ मध्ये मुंबईत स्थापन झालेला ‘ग्लोबल ईस्पोर्ट्स’ हा संघ व्हॅलोरंटच्या आशिया-प्रशांत लीगसाठी निवडल्या गेलेल्या दहा संघांपैकी एक होता. ही लीग २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथे सुरू झाली. त्या दहांत भारतातला तो एकच संघ होता. वाट आहे, पण ती किती अरुंद आहे, हे यावरून ध्यानात यावे.

नेम हाताआधी विचारात

दृश्य दिसल्यापासून बोट हलेपर्यंत सामान्य माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सरावाने हा काळ फारसा घटत नाही. मग कसलेला खेळाडू जलद कसा वाटतो? प्रतिस्पर्धी ज्या कोपऱ्यातून येण्याचा संभव आहे, तेथे डोक्याच्या उंचीवर त्याने नेम आधीच धरून ठेवलेला असतो. नवखा खेळाडू जमिनीकडे पाहत धावतो आणि समोर कोणी आले की नेम शोधू लागतो.

दुसरी चूक धावता-धावता गोळी झाडण्याची. या खेळांत हालचाल सुरू असताना नेम मुद्दाम विस्कळीत ठेवलेला असतो. म्हणून क्षणभर थांबून मग झाडायची सवय लावावी लागते. तिसरी चूक, हरले की माउसचा वेग बदलण्याची. वेग रोज बदलला तर हाताला कोणतेच माप अंगवळणी पडत नाही. एक माप ठरवावे आणि काही महिने त्याला हात लावू नये.

सलग सहा तास सामने खेळणे म्हणजे सराव नव्हे. अर्धा तास केवळ नेमाचा अभ्यास, मग दोन सामने आणि शेवटी हरलेल्या फेऱ्यांचे चित्रमुद्रण पाहणे, एवढे नियमित केले तरी फरक दिसतो. चित्रमुद्रण पाहताना प्रत्येक फेरीला एकच प्रश्न विचारावा : हार नेमामुळे झाली, जागा चुकल्यामुळे, की साथीदाराला वेळेवर न सांगितल्यामुळे? उत्तर वहीत लिहावे. महिनाअखेरीस ज्या कारणाची बेरीज मोठी, त्यावर पुढचा महिना द्यावा.

फेरीचा जमाखर्च

व्यापारी घरातल्या मुलाला एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर उमगायला हवी. काउंटर-स्ट्राइकमध्ये प्रत्येक खेळाडूला खेळापुरते खोटे पैसे मिळतात आणि त्यांतून फेरीच्या आरंभी शस्त्र विकत घ्यावे लागते. सुरुवातीला हाती ८०० असतात. प्रतिस्पर्धी संघाला बाद करून फेरी जिंकली, तर ३२५० मिळतात. हरलात, तर लागोपाठच्या पराभवांनुसार १४०० पासून ३४०० पर्यंत. चांगली बंदूक २७०० ची आणि शिरस्त्राणासह चिलखत १००० चे, म्हणजे किमान ३७०० हवेत.

समजा, हाती २००० आहेत आणि ही फेरी हरली तर २४०० मिळणार आहेत. आताच २००० खर्चून अर्धवट सामग्री घेतली आणि हरलो, तर पुढच्या फेरीला केवळ २४०० उरतात. तेव्हाही खरेदी अर्धवटच. याउलट ही फेरी खर्चाविना खेळली, तर पुढे ४४०० होतात, आणि पूर्ण सामग्री घेऊनही ७०० शिल्लक राहतात. मात्र हा निर्णय पाचही जणांनी मिळून घ्यायचा असतो. तिघांनी खरेदी केली आणि दोघांनी राखून ठेवली, तर दोन्ही फेऱ्या हातच्या जातात. भांडवल केव्हा अडकवायचे आणि केव्हा राखायचे, हे पेढीवर शिकलेले शहाणपण येथे जसेच्या तसे लागू पडते.

खानदेशातून खेळताना

आपण मुंबई-पुण्यापासून दूर आहोत, म्हणून हरतो, अशी तक्रार मुले करतात. ती पुरती खरी नाही. दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत. जळगाव तेथून सुमारे ४०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाशाला जाऊन येण्यास सेकंदाचा अवघा अडीचशेवा भाग लागतो. वळसे आणि यंत्रणा धरून प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, तरी अडचण बहुधा घरातच असते. वायफायऐवजी थेट तार जोडावी. वीज जाण्याची सोय म्हणून संगणक आणि राउटर दोन्ही यूपीएसवर असावेत. आपल्याकडचा उन्हाळा पाहता धूळ वेळोवेळी काढावी, कारण तापलेला संगणक स्वतःहून वेग कमी करतो.

ऑनलाइन पात्रता फेऱ्या पुष्कळदा सायंकाळनंतर असतात. चौविहार पाळणाऱ्या घरांत त्या दिवसाची जेवणाची वेळ आधी ठरवून घेतली, तर खटका उडत नाही. झोपेचा बळी देऊन मात्र सराव करू नये. हाताने शिकलेले झोपेतच पक्के होते.

पत आणि पैसा

ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघाय येथील स्पर्धेत ‘ऑप्टिक इंडिया’ संघातील एका खेळाडूच्या संगणकावर नेम साधून देणारे छुपे सॉफ्टवेअर सापडले. संघ तेथेच बाद झाला, पुढे बरखास्त झाला आणि खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. निरपराध साथीदारांचीही संधी गेली. पत जाण्यास एक व्यवहार पुरतो, हे व्यापाऱ्याच्या मुलाला वेगळे सांगायला नको.

पैसे लावून खेळण्याचे खेळ ही निराळी बाब आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. अशा खेळांचे व्यवहार हाताळण्यास बँकांनाही मज्जाव केला. स्पर्धेचे प्रवेशशुल्क आणि डावावर लावलेली रक्कम यांतला भेद मुलाला ठाऊक आहे का, हे पालकांनी विचारावे.

हिंसेचा प्रश्न

पडद्यावर का होईना, समोरच्याला मारायचे, हे आपल्या घरांत खटकते आणि खटकणे स्वाभाविक आहे. प्राणी मरत नाही, हे खरे. पण भाव कोणता असतो, हा प्रश्न उरतोच. व्हॅलोरंटमध्ये रक्त न दाखवण्याची सोय आहे, पण तिने दृश्य सौम्य होते, प्रश्न सुटत नाही. २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत ‘पबजी मोबाइल’ची खास आवृत्ती खेळवली गेली; तीत खेळाडू एकमेकांवर गोळ्या झाडत नव्हते, तर वाहने चालवत लक्ष्ये टिपत होते. म्हणजे ही शंका केवळ आपल्याच घरांतली नाही. एखाद्या घराने असे खेळ नकोच म्हटले, तर तो निर्णय मुलाशी बोलून, कारण सांगून घ्यावा.

ज्या घराने संमती दिली, त्याने मुदतही ठरवावी. एक वर्ष, शिक्षण सांभाळून, आणि दर महिन्याला वही वडिलांसमोर उघडायची : किती स्पर्धा खेळल्या, कोठवर पोहोचलो, कोणती चूक कमी झाली, खर्च किती झाला. वडिलांना खेळ कळला नाही तरी ही पाने वाचता येतील. वर्षाअखेरीस पुढे जायचे की थांबायचे, हे मग आवाज न चढवता दोघांनी मिळून ठरवता येईल.