एका अधिनियमाची तीन साले

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमाच्या नावात 1977 हे साल आहे, त्याचा क्रमांक 1978 च्या अधिनियमांत विसावा लागतो, आणि त्याचा अंमल 26 जानेवारी 1979 रोजी सुरू झाला. तेव्हा उमरगा तालुक्यात असलेल्या आणि आज लोहारा तालुक्यात मोडणाऱ्या सास्तूरसारख्या अवर्षणग्रस्त गावातील भूमिहीन मजुराच्या दृष्टीने यांपैकी खरे साल कोणते, हे ज्याला सांगता येईल त्याला विधेयकाचा माग काढण्याची विद्या अवगत झाली, असे मी मानतो. कारण विधेयक संमत झाल्याची वार्ता आणि तहसील कचेरीत हाती पडणारा हक्क यांच्यामध्ये बरीच लांब वाट असते, आणि वर्तमानपत्रे बहुधा तिच्या निम्म्यावरच थांबतात.

सास्तूरचा हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. फर्मान सुटले की ते अखेरचे. त्याचा मसुदा आधी पाहावा, त्यावर हरकत घ्यावी, हा अखत्यार रयतेला नव्हता. विधिमंडळाने जे नवे दिले ते मुख्यतः हेच, की कायदा होण्यापूर्वी तो सर्वांसमक्ष अनेक पायऱ्या चढतो. विधेयक पुरःस्थापित होते, प्रथम वाचनात त्याच्या तत्त्वाची चर्चा होते, वाटल्यास ते प्रवर वा संयुक्त समितीकडे जाते, मग खंडशः विचार, तृतीय वाचन आणि दुसरे सभागृह. अखेरीस राज्यपालांची अनुमती, क्वचित राष्ट्रपतींची. विधेयकाच्या शेवटी जोडलेले उद्देश व कारणे यांचे निवेदन आणि वित्तीय ज्ञापन सामान्य वाचकाने आधी वाचावे; हेतू पहिल्यात सापडतो, पैसा दुसऱ्यात.

वाटेत विधेयक मरूही शकते. अंधश्रद्धाविरोधी विधेयक 2005 च्या डिसेंबरात विधानसभेने संमत केले, परंतु ते विधान परिषदेत अडले. आणि विधानसभेने संमत केलेले पण परिषदेत पडून राहिलेले विधेयक विधानसभा विसर्जित होताच संविधानाच्या अनुच्छेद 196 अन्वये व्यपगत होत असल्याने 2009 मध्ये त्या साऱ्या श्रमांवर पाणी पडले. 20 ऑगस्ट 2013 रोजी या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यावर प्रथम अध्यादेश निघाला, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांची संमती मिळाली. या विलंबाची आठवण मला आजही अस्वस्थ करते.

रोजगार हमीची वाट याहून सुदैवी होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ही कल्पना आधी पारखली होती. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडीत, पाझर तलावांची माती वाहत जगली, आणि योजना शासकीय हुकुमांच्या आधारे चालू राहिली. तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदाही झाला. पण शासकीय हुकूम दुसऱ्या हुकुमाने रद्द होतो. विधिमंडळाने 1977 मध्ये संमत केलेल्या विधेयकाने काम मागणे हा प्रत्येक ग्रामीण प्रौढाचा हक्क ठरविला: अर्जानंतर पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारी भत्ता, जो आरंभी दिवसाला किमान 1 रुपया होता. रोजगार व बेकारी हा समवर्ती सूचीतील विषय. विधेयक दिल्लीस गेले आणि राष्ट्रपतींची अनुमती मिळून 1978 च्या ऑक्टोबरात राजपत्रात प्रसिद्ध झाले.

तरीही सास्तूरच्या मजुराला त्या दिवशी या कायद्याचा आधार घेता आला नसता. बहुतेक अधिनियमांच्या पहिल्याच कलमात, राज्य शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या तारखेस तो अंमलात येईल, असा मजकूर असतो, आणि घाईचा वाचक नेमका तेवढाच ओलांडून पुढे जातो. ती तारीख पुढे आणखी तीन-साडेतीन महिन्यांनी, प्रजासत्ताक दिनी उगवली. तोपर्यंत गावात काम निघाले असेल तर ते शासनाच्या मर्जीने निघाले असेल, आणि त्या तारखेपासून अर्जाची पोच हाती असलेल्या माणसाचे पंधरा दिवस कायद्याने मोजले जाऊ लागले.