मेंदूतील रक्तवाहिन्यांची विकृती व किरणशस्त्रक्रिया : स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना :
मानवी शरीरात धमन्यांतील रक्त केशवाहिन्यांच्या सूक्ष्म जाळ्यातून शिरांमध्ये जाते व तेथे त्याचा दाब कमी होतो. काही व्यक्तींच्या मेंदूत एखाद्या ठिकाणी हे जाळेच नसते. धमन्या थेट शिरांना जोडल्या जाऊन त्यांचा गुंता तयार होतो. यास ‘धमनी-शिरा विकृती’ म्हणतात. रक्ताचा दाब न पेलल्यास हा गुंता फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. ही शक्यता दरवर्षी सुमारे २ ते ४ टक्के असते. अनेक रुग्ण तरुण असल्याने आयुष्यभराचा एकूण धोका मोठा ठरतो.

उपचाराचे स्वरूप :
‘किरणशस्त्रक्रिया’ ही संकल्पना स्वीडिश मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मांडली. कवटी न उघडता अनेक दिशांनी येणारे किरण एकाच बिंदूवर केंद्रित करणे, हे तिचे तत्त्व होय. त्यांच्या ‘गॅमा नाइफ’ उपकरणाच्या पुढील काळातील प्रारूपांत कोबाल्ट-६० चे २०१ स्रोत होते. प्रत्येक किरण स्वतंत्रपणे क्षीण असल्याने वाटेतील पेशींना फारशी इजा होत नाही. सर्व किरण एकत्र येतात तेथेच तीव्र मात्रा मिळते. तिच्या परिणामाने रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर जाड होत जातात व अखेरीस मार्ग बंद होतो.

मर्यादा :
ही प्रक्रिया मंद असून तिला साधारणतः २ ते ३ वर्षे लागतात. गुंता पूर्णपणे बंद होईपर्यंत रक्तस्रावाचा धोका कायम राहतो. लहान विकृतींमध्ये यशाचे प्रमाण अधिक असते. आकार वाढल्यास सुरक्षित मात्रा कमी करावी लागते व यशही घटते. काही रुग्णांत सभोवतालच्या मेंदूस सूज येते. न फुटलेल्या विकृतींबाबत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अरुबा’ चाचणीत, सरासरी ३३ महिन्यांच्या पाहणीअंती, हस्तक्षेप केलेल्या गटापेक्षा केवळ औषधोपचार घेतलेल्या गटात पक्षाघात व मृत्यू कमी आढळले. तथापि, आयुष्यभराच्या धोक्याचा निर्णय इतक्या अल्प कालावधीवरून करता येईल काय, असा आक्षेप अनेक तज्ज्ञांनी घेतला.

समारोप :
सारांश, किरणशस्त्रक्रिया रुग्णास तत्काळ धोकामुक्त करीत नाही. भविष्यातील सुरक्षिततेसाठी ती काही वर्षांची प्रतीक्षा मागते. म्हणून विकृतीचा आकार, स्थान, पूर्वीचा रक्तस्राव व रुग्णाचे वय यांचा एकत्रित विचार करूनच, रुग्णास या प्रतीक्षेची स्पष्ट कल्पना देऊन, उपचाराचा निर्णय घेणे आवश्यक ठरते.